ॲडमायर, ॲडोअर, व्हेनरेट, ॲप्रिशिएट: मानपत्रात नेमका कुठला शब्द?

सड्यावरचा:

नमस्कार मंडळी. गावच्या वाचनालयातर्फे जत्रेच्या आदल्या दिवशी दोन सत्कार आहेत. एक दशावतारात उभी हयात गेलेले कलावंत, दुसरे लाकडी होड्या बांधणारे मेस्त्री. मराठी मानपत्रं छापून तयार आहेत. मुंबईकर मंडळींना इंग्रजीतूनही हवीत. आलेल्या मसुद्यात पहिलंच वाक्य 'वुई ॲडमायर, ॲडोअर, व्हेनरेट अँड ॲप्रिशिएट यू' असं आहे. चार शब्दांचं तोरण, आणि दोन्ही मानपत्रांत तेच.

या चारांत फरक काय, कुणासाठी कुठला योग्य, हे हवंय. शिवाय समितीतले एक जण छातीठोकपणे सांगतात की ॲडोअर हा आपल्या 'आदर'वरूनच इंग्रजीत गेला. व्हॉट्सॲपवर तसं फिरतंय म्हणे. त्यात तथ्य आहे का? मुळापासून सांगितलंत तर समितीपुढे मांडता येईल.

गलबत:

आधी तोरणातला पहिला शब्द. लॅटिनमध्ये 'मिरुस' म्हणजे नवलाचा, 'मिरारी' म्हणजे नवल वाटणे. त्याला 'आद्' हा उपसर्ग लागला, ज्याचा अर्थ 'कडे, प्रति'. 'आद्मिरारी' म्हणजे एखाद्या गोष्टीकडे बघून थक्क होणे. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस रुळला तेव्हा त्यात कौतुक असायलाच हवं असं नव्हतं. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात, शेवटच्या प्रकटीकरणाच्या पुस्तकात, रक्त पिऊन झिंगलेली बाई दिसल्यावर सांगणारा म्हणतो की आपल्याला मोठं 'ॲडमिरेशन' वाटलं. त्याला तिचं कौतुक वाटलं नव्हतं, तो हादरला होता.

आणखी एक खूण. उद्गारचिन्हाला इंग्रजीत पूर्वी 'नोट ऑफ ॲडमिरेशन' म्हणत. हिंदीत त्याच चिन्हाला विस्मयादिबोधक म्हणतात. तिथला विस्मय आणि इथलं ॲडमिरेशन एकच.

याच घरातली भावंडं मोजून घ्या. मिरॅकल म्हणजे नवल वाटावं अशी गोष्ट. मार्व्हल हे 'मिराबिलिया', म्हणजे नवलाच्या वस्तू, याचं फ्रेंचातून झिजून आलेलं रूप. पुढे लोकभाषेत 'मिरारी'चा अर्थ 'नवलाने बघणे'वरून नुसता 'बघणे' झाला. त्यातून मिरर म्हणजे आरसा, आणि मिराज म्हणजे मृगजळ. पोर्तुगीजमध्ये 'मिरार' म्हणजे न्याहाळणे आणि 'मार' म्हणजे समुद्र. पणजीचं मिरामार त्यातलंच, समुद्र न्याहाळायची जागा.

रातांबा:

ॲडोअर आणि आदर यांचा काडीचाही संबंध नाही. समितीत वाद नको म्हणून पुराव्यासह देते.

दोन्ही शब्द फोडून बघायचे. ॲडोअर हा लॅटिन 'आद्' + 'ओरारे'. आदर हा 'आ' + 'दृ' धातू, म्हणून संस्कृतात क्रियापद 'आद्रियते' होतं. आता 'द'कडे बघा. इंग्रजी शब्दातला 'ड' उपसर्गाचा आहे, तो काढला तर मागे 'ओर' उरतं. आपल्या शब्दातला 'द' धातूचा आहे, तो काढला तर मागे काहीच उरत नाही. सांधाच वेगळ्या जागी आहे. वरून फळ्या सारख्या दिसल्या म्हणून एकाच होडीच्या ठरत नाहीत.

'ओरारे' म्हणजे रीतसर बोलणे, विनवणी करणे, प्रार्थना करणे. ओरेटर म्हणजे वक्ता आणि ओरॅकल म्हणजे देववाणी ही त्याचीच मुलं. त्यामुळे ॲडोअरचा मूळ अर्थ कोकणी माणसाला एका शब्दात सांगता येतो: देवापुढे गाऱ्हाणं घालणे. 'बा देवा महाराजा' म्हणून जे सुरू होतं आणि ज्याला मागून सगळे 'होय महाराजा' म्हणतात, ते. आज मात्र इंग्रजीत तो शब्द लाडाचा झालाय. नातवंडाला ॲडोअर करतात, आइस्क्रीमलाही करतात. मेस्त्रींच्या मानपत्रात तो बसत नाही.

सड्यावरचा:

रातांबाताई, पटलं. पण ॲडमायरबद्दल 'मराठीला जवळचं' असं काही आहे का? समितीतल्या त्या काकांना काहीतरी द्यायला हवं ना हातात, नाहीतर ते रुसतील.

गलबत:

आहे की. आणि आदरपेक्षा भारी आहे. संस्कृत, लॅटिन आणि इंग्रजी यांच्या सामाईक पूर्वज भाषेतल्या ज्या धातूकडे 'मिरुस'चं मूळ जातं, त्याचंच संस्कृत रूप 'स्मि'. त्यातून स्मित, स्मेर आणि विस्मय. इंग्रजी स्माइलही त्याच कुळातलं. म्हणजे ॲडमायर आणि विस्मय ही चुलत भावंडं.

खाजणकाठ:

थांबा. आताच रातांबाताईंनी दिसण्यावर जाऊ नका म्हणून सांगितलं, आणि लगेच 'मिरुस' आणि 'स्मि' एक? एकात 'स' आहे, दुसऱ्यात नाहीच. मग व्हॉट्सॲपवाल्यांनी काय घोडं मारलंय?

गलबत:

रास्त शंका. फरक असा की इथे 'स' का गेला याचा नियम आहे, आणि तो दुसऱ्या शब्दांवर तपासता येतो.

लॅटिनने शब्दाच्या सुरुवातीला 'म' आणि 'न' यांच्या आधीचा 'स' टाकून दिला. संस्कृतने तो ठेवला. आपल्या घरातलं उदाहरण घ्या: स्नुषा. तिचीच झिजून मराठीत सून झाली. लॅटिनमध्ये सुनेला 'नुरुस' म्हणतात. जुन्या इंग्रजीत 'स्नोरू'. संस्कृतात 'स्न', इंग्रजीत 'स्न', लॅटिनमध्ये नुसता 'न'. दुसरं उदाहरण: इंग्रजी स्नो, आणि लॅटिनमध्ये बर्फाला 'निक्स'. पुन्हा तेच. आता तिसरी ओळ मांडा: संस्कृत स्मेर, इंग्रजी स्माइल, लॅटिन 'मिरुस'. तिन्ही ओळी एकाच साच्यात बसतात. शिवाय स्मेर म्हणजे 'स्मि'ला 'र' लागून झालेला शब्द. 'मिरुस'मध्येही तोच 'र' आहे. नुसतं मूळच नाही, प्रत्ययही जुळतो.

आदर आणि ॲडोअरसाठी अशी दुसरी ओळ मांडून दाखवा. मांडता येत नाही.

खाजणकाठ:

स्नुषेवरून पटलं. खय सून नि खय ॲडमिरेशन! मागे घेतो शंका.

उंडी:

याला जोडून, दशावतारी कलावंतांच्या मानपत्रासाठी सोन्यासारखा धागा मिळालाय, तो सोडू नका. नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाचा एक स्थायीभाव सांगितलाय. अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय. दशावतार हा अद्भुताचाच खेळ. लिहिलेली संहिता नाही, संवाद उभ्या उभ्या रचायचे, तोंड आपलं आपण रंगवायचं, आणि एका बाकड्यावर राजाचा दरबार उभा करायचा. तिथे बघणाऱ्याला जे वाटतं ते मूळ अर्थाने ॲडमिरेशन. त्यामुळे त्यांना ॲडमायर हा शब्द चपखल. उगाच व्हेनरेट वगैरे नको.

टाळ्यांचा इंग्रजी शब्दही बघण्यासारखा आहे. ॲप्लॉड म्हणजे 'आद्' + 'प्लाउदेरे', टाळी पिटणे. त्याच 'प्लाउदेरे'ला 'बाहेर' या अर्थाचा उपसर्ग लावला की होतो एक्स्प्लोड! रोमन नाटकगृहात नट आवडला नाही की टाळ्या पिटून, हुर्यो करून त्याला रंगमंचावरून हाकलत. ते एक्स्प्लोड करणे. एखादं मत खोडून काढणे असा अर्थ इंग्रजीत आधी आला, स्फोटाचा अर्थ बराच नंतरचा. आणि प्लॉझिबल म्हणजे मुळात टाळी घेण्याजोगं. आज त्याचा अर्थ 'खरं वाटण्याजोगं' एवढाच. टाळीचं वाक्य खरं असतंच असं नाही, हे त्या शब्दालाही कळलं असावं.

खाजणकाठ:

मग स्तुती या अर्थाचा लॉड हा त्या ॲप्लॉडच्या पोटातलाच ना? कानाला तर तसंच लागतं.

रातांबा:

नाही. पुन्हा सांधा चुकला. ॲप्लॉडमधला 'प' दुहेरी आहे, कारण 'आद्'मधला 'द' पुढच्या 'प'मध्ये विरघळलाय. आपल्याकडे उत् + लास = उल्लास, तत् + लीन = तल्लीन होतं, अगदी तशीच संधी. म्हणजे उपसर्ग काढल्यावर मागे 'प्लॉड' उरतं, 'लॉड' नाही. लॉड हा लॅटिन 'लाउदारे'वरून, म्हणजे स्तुती करणे. तो वेगळा शब्द आहे.

हीच संधी ॲप्रिशिएटमध्ये. 'आद्' + 'प्रेतिउम'. 'प्रेतिउम' म्हणजे किंमत.

आगोट:

किमतीचा विषय निघालाच आहे तर ही सगळी बाजारपेठ एकदम सांगतो. इंग्रजीतलं अर्धं कौतुक तराजूतून आलंय.

ॲप्रिशिएट म्हणजे किंमत लावणे. प्रेझ म्हणजे स्तुती, तेही किंमत लावण्यावरूनच. प्राइस, प्राइझ आणि प्रेशस तिन्ही त्याच 'प्रेतिउम'ची. बँकेत सोनं गहाण ठेवायला गेलात की जो ते तपासतो तो अप्रेझर. रुपया घसरला की डिप्रिशिएट होतो. शंभर टक्के हिशेबी शब्द आहे, पण त्यात हलकेपणा नाही. मराठीत याला नेमका जोड 'कदर'. तो अरबी 'कद्र'वरून आलाय, अर्थ माप, मोल. ज्याला मोल कळतं तोच कदर करतो. म्हणून ॲप्रिशिएटला कौतुक म्हणण्यापेक्षा कदर म्हणावं.

एस्टीमही तिथलाच. लॅटिन 'एस्तिमारे' म्हणजे मोल ठरवणे. त्याचीच दोन रूपं इंग्रजीत: एस्टीम आणि एस्टिमेट. मोहोर बघून बागेत किती पेट्या निघतील हे सांगणं म्हणजे एस्टिमेट. तो माणूस आजवर कसा वागला हे बघून त्याचं वजन मनात ठरवणं म्हणजे एस्टीम. नेम धरणे या अर्थाचा एम हाही त्याच शब्दाचा फ्रेंचातून घासून आलेला तुकडा, कारण नेम धरणं म्हणजे अंतराचा अंदाजच.

मेस्त्रींसाठी हाच शब्द घ्या. होडीचं कौतुक पाण्यात उतरवल्यावर होत नाही, दहा पावसाळे काढल्यावर होतं. एस्टीम तसाच आहे, तो एका नजरेत वाटत नाही, साठत जातो. ॲडमायर क्षणात होतो.

सड्यावरचा:

हा फरक मस्त. मग आपला 'मान'सुद्धा मोजमापाचाच का? परिमाण, प्रमाण यांतला?

आगोट:

इथे जपून. मोजण्याचा मान 'मा' धातूचा, त्यातून परिमाण, प्रमाण, तापमान. सन्मानातला मान 'मन्' धातूचा, मनात धरणे या अर्थाने. दिसायला एक, मुळं दोन. आणि खांद्यावरची मान तिसरीच, ती संस्कृत 'मन्या'वरून आली. मानपत्रावर सही करताना खाली जाते ती ही तिसरी.

निवतीचा दिवा:

राहिले व्हेनरेट आणि रिव्हिअर. दोन्हींचं भाषांतर 'पूज्य मानणे' असं होतं, पण मुळं एकमेकांच्या उलट आहेत.

व्हेनरेट हा प्रेमातून आलाय. लॅटिन 'वेनुस', म्हणजे प्रीती, ओढ. शुक्राच्या देवीचं नाव तेच. मूळ धातू संस्कृतात 'वन्', इच्छिणे. आपली वांछा आणि इंग्रजी विश दोन्ही त्यातून. म्हणजे व्हेनरेटमध्ये आवडीने, ओढीने केलेली भक्ती आहे. आज हा शब्द संत, अवशेष, खूप जुनी माणसं यांच्यासाठी राखीव आहे. जिवंत, हसत्याखेळत्या सत्कारमूर्तीला व्हेनरेट केलं तर फोटोला हार घातल्यासारखं वाटतं.

रिव्हिअर धाकातून आला. 'वेरेरी' म्हणजे बिचकणे, जपून वागणे. इंग्रजीतले वेअरी, अवेअर, वॉर्ड, गार्ड हे त्याच कुळातले, सगळे पहाऱ्याचे शब्द. कोकणात याला समजावून सांगावं लागत नाही: गावच्या राखणदाराबद्दल जे वाटतं ते रिव्हिअर. तो सांभाळतो म्हणून मान, आणि बघतोय म्हणून जपून पाऊल. रिगार्डही याच गार्डमध्ये बसतो.

एक चूक हमखास होते. रेव्हरंड आणि रेव्हरंट यांत शेवटच्या अक्षराने अर्थ उलटतो. 'ड'वाला म्हणजे ज्याला मान द्यायचा तो, आपल्या पूजनीयमधल्या 'अनीय'चं काम तिथे 'न्ड' करतो. 'ट'वाला म्हणजे जो मान देतो तो. सत्कारमूर्ती रेव्हरंट म्हणून छापली गेली तर वाकून नमस्कार करणारी ठरते. अजेंडा म्हणजे करायच्या गोष्टी, त्यातही तोच 'न्ड'. शेक्सपिअरने द टेम्पेस्ट नाटकात नायिकेला मिरांडा नाव दिलं तेही याच घडणीचं: जिच्याकडे नवलाने बघावं अशी. आपल्या किनाऱ्यावर मिरांडा आडनावं आहेत ती पोर्तुगालमधल्या त्या नावाच्या गावांवरून.

उंडी:

रिस्पेक्ट राहिला की. तो सगळ्यात सरळ आहे: 'पुन्हा' + 'बघणे'. वळून बघावंसं वाटणे. चष्म्याचा स्पेक्टॅकल आणि इन्स्पेक्टर त्यातलेच. संस्कृतात पश्यति, आणि हेराला स्पश. वरून खाली बघितलं की डिस्पाइज. खालून वर बघितलं की सस्पेक्ट. आणि या शेवटच्याची गंमत अशी की लॅटिनमध्ये त्या शब्दाचे दोन्ही अर्थ होते, मान वर करून आदराने बघणे आणि भुवईखालून संशयाने बघणे. इंग्रजीत फक्त संशय उरला.

खाजणकाठ:

वर्शिप कुठल्या बंदरात लागतं?

रातांबा:

कुठल्याच नाही! तिथे जहाज नाहीये. वर्थ + शिप. शिप हा 'पणा' दाखवणारा प्रत्यय आहे, फ्रेंडशिपमधला. योग्यपणा, मोलाचं असणं. म्हणून इंग्लंडात मॅजिस्ट्रेटला अजून 'युअर वर्शिप' म्हणतात. कोणी त्याची पूजा करत नाही.

जहाज हवं असेल तर ते दुसरीकडे आहे. गलबत, तुम्ही सांगा, तुमचा प्रांत.

गलबत:

वाटच बघत होतो. ॲडमिरल. तो ॲडमायरचा कोणीही नाही, पण त्याचे कपडे घालून फिरतो.

मूळ अरबी 'अमीर अल्', म्हणजे अमुक-तमुकचा सरदार. 'अमीर अल् बहर' म्हणजे समुद्राचा सरदार. युरोपात हा शब्द जाताना 'अल्' त्यालाच चिकटला आणि पुढचा समुद्र गळून पडला. मग लॅटिन लिहिणाऱ्यांना वाटलं, एवढा मोठा माणूस, याचा संबंध 'आद्मिराबिलिस'शी, म्हणजे वाखाणण्याजोग्याशी असणार. त्यांनी मधे एक 'ड' घुसवला. फ्रेंचांनी तो ठेवला नाही, ते अजून 'अमिराल' म्हणतात. इंग्रजीत ठेवला गेला. म्हणजे आदर-ॲडोअरसारखी गफलत काही आजची नाही. फक्त तेव्हाची शब्दकोशात जाऊन बसली.

आपल्याकडे तोच 'अमीर' आहेच, आणि त्याचं अरबी अनेकवचन 'उमरा'. त्यावरून उमराव. किनाऱ्यावरचा हुद्दा मात्र सरखेल, तो फारसी 'सर' म्हणजे मुख्य आणि 'खैल' म्हणजे पथक. कान्होजी आंग्रे सरखेल होते. १७२९ साली ते वारले, समाधी अलिबागला आहे. मुंबईतल्या नौदलाच्या तळाला १९५१ पासून त्यांचं नाव आहे, आयएनएस आंग्रे. ईस्ट इंडिया कंपनीच्या लेखी ते चाचे होते, आता ॲडमिरल त्या नावाच्या तळावर सलामी घेतात. शब्दाला 'ड' चिकटायला शतकं लागली, इथे मानच फिरला.

निवतीचा दिवा:

त्याला जोडून: २०२३चा नौदल दिन मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ झाला. त्यानंतर ॲडमिरलांच्या खांद्यावरची चिन्हं बदलली, त्यात शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. अमीराचा शब्द, लॅटिनचा 'ड', खांद्यावर राजमुद्रा.

उंडी:

कौतुकाबरोबर दृष्ट येतेच. फॅसिनेट हा शब्द सगळे सर्रास वापरतात, 'आय ॲम फॅसिनेटेड'. लॅटिन 'फास्किनुम' म्हणजे नजरेची बाधा, करणी, आणि ती टाळायचा ताईतसुद्धा. रोमन लोक तो लहान मुलांच्या गळ्यात बांधत. आपली काळी तीट समजा. एवढंच नाही, कुणाचं कौतुक करताना रोमन माणूस आधी 'प्राएफिस्किनी' म्हणायचा, म्हणजे 'दृष्ट न लागो'. मीठमोहरी ओवाळायची तेवढी राहिली. हेवा या अर्थाचा एन्व्ही हाही 'वाकड्या नजरेने बघणे' यावरून.

मानपत्रात 'फॅसिनेटिंग परफॉर्मन्स' लिहिलंत तर चालेल, आज अर्थ निरुपद्रवी आहे. पण 'ऑफुल' चुकूनही नको. ऑ म्हणजे दरारा. ऑफुल म्हणजे मुळात दरारा वाटावा असा, पुढे एकोणिसाव्या शतकात घसरून 'फार वाईट' झाला. ऑसम त्याच घरातला, पण तो वर चढला आणि आता चहालाही ऑसम म्हणतात. आपण 'भयंकर सुंदर' म्हणतो तेव्हा तेच करतो, म्हणून हसायचं कारण नाही.

आगोट:

आता जरा कामाचं. मसुदा लिहिताना आपली मंडळी कुठे अडकतात ते सांगून ठेवतो, समितीत वाटून टाका.

ॲडमायरला चालू काळ देऊ नका. 'वुई आर ॲडमायरिंग यू' हे चुकीचं, कारण ती मनाची कायमची स्थिती आहे. 'वुई ॲडमायर यू' एवढंच. देखावा न्याहाळत उभे असाल तर मात्र 'ॲडमायरिंग द व्ह्यू' बरोबर, कारण तिथे जुना 'बघणे' हा अर्थ जागा होतो. कशाबद्दल ते सांगताना 'फॉर' येतो, 'अबाउट' नाही. नाम वापरलं तरी 'ॲडमिरेशन फॉर'. आपण 'त्यांच्याबद्दल' म्हणतो म्हणून 'अबाउट' तोंडात बसतो.

ॲप्रिशिएटला कर्म लागतंच. 'वुई वुड ॲप्रिशिएट इफ यू कम' यात मधला 'इट' राहिलाय. 'ॲप्रिशिएट इट इफ' हवं. कशाची किंमत लावताय ते सांगायला नको?

उच्चारात जोर फिरतो. ॲडमायरमध्ये जोर 'मायर'वर. पण ॲडमिरेबलमध्ये तो पहिल्या 'ॲ'वर येतो आणि मधला 'माय' गायब होतो, ॲड्मरबल. स्टेजवरून 'ॲडमायरेबल' म्हणू नका. ॲडमिरेशनमध्ये जोर 'रे'वर.

आणि फेलिसिटेट. आपल्याकडे त्याचा अर्थ सत्कार करणे असा पक्का झालाय, पेपरात रोज असतो. भारताबाहेर तो क्वचित आणि नुसत्या अभिनंदनासाठी वापरतात. मानपत्र परदेशातही वाचलं जाणार असेल तर सरळ ऑनर घ्या. गेल्या वर्षी एका ठिकाणच्या फलकावर फेलिसिटेटचं फॅसिलिटेट झालं होतं. सत्कार नव्हे, सोय.

रातांबा:

'रिस्पेक्टेड' आणि 'रिस्पेक्टिव्ह' यांचंही तेच होतं. रिस्पेक्टिव्ह म्हणजे ज्याचा-त्याचा. 'रिस्पेक्टिव्ह सर' लिहिलं की 'ज्याचे-त्याचे सर' होतात.

सड्यावरचा:

समितीची बैठक झाली. स्नुषा आणि 'नुरुस'वर काका खूश. आदरचा हट्ट सोडला, विस्मय घेतला. तोरण काढून टाकलं. आता मसुदा असा:

कलावंतांसाठी: 'वुई हॅव लाँग ॲडमायर्ड युअर आर्ट, अँड वुई ऑनर यू टुडे.'

मेस्त्रींसाठी: 'वुई होल्ड युअर क्राफ्ट इन द हायेस्ट एस्टीम, अँड वुई ऑनर यू टुडे.'

चालेल ना? मराठी मानपत्रात कलावंतांसाठी 'आपल्या अभिनयाने आम्ही विस्मयचकित झालो' असं आधीपासूनच होतं, ते आता बरोबर जुळलं.

निवतीचा दिवा:

दोन्ही उत्तम. एवढंच बघा की छापताना क्राफ्टचं 'क्राफ्ट्स' होऊ देऊ नका, नाहीतर पर्यटकांच्या दुकानातल्या शोभेच्या वस्तू वाटतील. क्राफ्टचा दुसरा अर्थ इंग्रजीत होडीच आहे, आणि त्या अर्थी अनेकवचनालाही 'स' लागत नाही.

सड्यावरचा:

अरे वा, म्हणजे एकाच शब्दात मेस्त्रींची कला पण आली आणि होडी पण! छापखान्यात फोन करतो. मुद्रितं उद्या संध्याकाळी येतील, आली की इथे टाकतो. आगोट, 'इट' कुठे राहिला नाही ना ते तुम्हीच तपासा.